चेंडूचा मोतीबिंदू

आमच्या घराण्यात मोतीबिंदू कोणालाच आपोआप झाला नाही. प्रत्येकाकडे कारण होतं. आजोबा शिडीवरून पडले आणि डोक्याला मार लागला, म्हणून त्यांना झाला. पडले तेव्हा ते तिशीत होते आणि मोतीबिंदू झाला साठीत, पण एवढं कोणी मोजत बसलं नाही. बाबांना दुकानात कुलपांना डाख देताना उठणाऱ्या धुरानं झाला. आत्या फार रडायची, म्हणून तिला झाला. ती का रडायची याचं खापर फोडायलाही घरात माणूस होता, तो म्हणजे आत्याचा नवरा. त्याचे स्वतःचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत राहिले, याचा आत्याला विशेष राग होता.

मला झाला तो दादानं मारलेल्या चेंडूमुळे.

मी नऊ वर्षांचा होतो, दादा बाराचा. गच्चीवर खेळताना त्यानं फेकलेला चेंडू माझ्या डोळ्यावर बसला. डोळा आठवडाभर सुजून काळानिळा झाला आणि मग बरा झाला. पण पहिल्याच दिवशी ओला फडका ठेवता ठेवता आई दादाला म्हणाली, "याचा डोळा गेला ना, तर जन्मभर तूच बघायचंस याच्याकडे." आई रागाच्या भरात अशी पुष्कळ वाक्यं बोलायची. मला तर रोज बोलायची आणि मी त्यातलं एकही मनावर घेतलं नाही. दादानं हे घेतलं.

तेव्हापासून त्यानं मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि मी जपू दिलं. माझं दप्तर तो उचलायचा. मला अक्षरं हलताना दिसतात असं मी एकदा म्हणालो, तर दहावीपर्यंत माझे धडे त्यानं मोठ्यानं वाचून दाखवले. पुढे बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आमच्याकडे आलं. आमच्याकडे किल्ली मशीनवर कापत नाहीत, व्हाइसच्या पकडीत धरून कानशीनं हातानं घासतात. त्यात धातूचा कीस उडतो, नजर लावून बसावं लागतं. तेव्हा घासायचं काम दादाकडे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडे, अशी वाटणी झाली. मला घासता येत नव्हतं असं नाही. पण दादानं चुकूनमाकून मला कानस दिलीच, तर मी डोळा चोळायचो आणि कानस परत जायची. कधी डावा चोळायचो, कधी उजवा. जो हाताशी असेल तो.

गेल्या वर्षी, एकसष्टाव्या वर्षी, मला गिऱ्हाइकांचे चेहरे धुरकट दिसू लागले. दादा मला डोळ्यांच्या रुग्णालयात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वयाच्या मानानं बराच पिकलाय, ऑपरेशन करून टाकू. दादाचा चेहरा पडला. "शेवटी झालाच," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं. बावन्न वर्षं मी नुसत्या डोळा चोळण्यावर भागवत होतो. आता डॉक्टरांचा कागद हातात आला होता.

डॉक्टर दादाला म्हणाले, "तुम्हीही बसा, एकदा बघतो."

"आधी याचं होऊ द्या," दादा म्हणाला.

त्याच रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या. एकाच घरात पुष्कळांना मोतीबिंदू का होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी मोठ्या कागदावर आमचं घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला मोतीबिंदू झाला तो काळा रंगवायचा. आजोबा काळे झाले, बाबा काळे झाले, आत्या काळी झाली. त्या रंगवत असताना दादा प्रत्येकाचं कारण सांगत होता, शिडी, धूर, रडणं. बाई सगळं लिहून घेत होत्या आणि मान डोलवत होत्या. मग माझ्या चौकोनापाशी आल्या.

"याला मी चेंडू मारला," दादा म्हणाला. पोलिसांसमोर सांगावं तसं सांगितलं त्यानं.

"कोणत्या डोळ्याला?"

"उजव्या," दादा म्हणाला.

"डाव्या," मी त्याच वेळी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दादा लगेच म्हणाला, "तो म्हणतो तर डावाच असेल. त्यानं सोसलंय." बाईंनी लिहिलं, 'नक्की नाही'.

आमच्या दोघांचं रक्त काढताना बाईंनी त्यांचं काम समजावून सांगितलं. डोळ्याच्या भिंगात एक प्रकारची प्रथिनं दाटीवाटीनं, शिस्तीत बसलेली असतात, म्हणून त्यातून उजेड आरपार जातो. मधली तर आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि शरीर ती आयुष्यभर बदलत नाही. ती कशी घडवायची याचा नमुना जनुकात असतो. एखाद्या घराण्यात त्या नमुन्यातच बारीकशी चूक असते. अशी प्रथिनं पन्नाशीपर्यंत काम चालवून नेतात, मग गुठळ्या धरतात, आणि भिंग गढूळ होतं.

"म्हणजे मूळ किल्लीतच एक दात चुकलेला," मी म्हणालो.

"अगदी तसंच, काका. शिवाय वय वाढतं तशा पेशी आपल्या नकला काढत राहतात. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून पुन्हा नक्कल. त्यात नव्या चुका साठत जातात, त्या वेगळ्या."

"नकलेवरून नक्कल आम्ही कधीच करत नाही," दादा ताठ होऊन म्हणाला. "आमच्या दुकानाचा पहिला नियम आहे तो." शरीर आमच्याइतकं काटेकोर नाही याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

महिन्याभराच्या अंतरानं माझे दोन्ही डोळे झाले. दादा दिवसातून चार वेळा थेंब घालायला घरी यायचा. माझी बायको म्हणाली, मी घालीन की, पण तो ऐकेना. थेंब बरेचदा गालावर पडायचा. माझी मान हलते म्हणून, असं तो म्हणायचा, आणि मीही तेच धरून चाललो.

तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला, अहवाल तयार आहेत. दादा म्हणाला, "दोन्ही तूच आण." बाईंनी मला समोर बसवून सांगितलं. ती चूक माझ्यात आहे, दादातही आहे, आणि घराण्याचा तक्ता पाहता ती बाबांकडूनच आली असणार. नुसत्या चुकीनं मोतीबिंदू होतोच असं नाही, ऊन, साखर, धूर यांचाही वाटा असतो, पण आमच्यासारख्यांना तो लवकर आणि हटकून व्हायचा संभव फार.

"आणि चेंडू?" मी विचारलं.

"चेंडूनं झाला असता तर एकाच डोळ्याला झाला असता, काका. आणि पन्नास वर्षं वाट पाहत बसला नसता."

मी दोन्ही अहवाल दुकानात आणले आणि जुन्या कुलपांच्या खणात तळाशी घातले. दादानं विचारलं तर म्हणालो, अजून वेळ लागेल. यात मी काही मोठं पाप करतोय असं मला वाटलं नाही. अहवाल दाखवला असता तर दादा सुटला असता आणि मी संपलो असतो. उद्यापासून दप्तर माझं मला उचलायचं. एकसष्टाव्या वर्षी कोणी नवी सवय लावून घेत नाही. अकरा दिवस मी ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला मात्र संशय आला. ती म्हणाली, "डोळे स्वच्छ झाल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघून बोलत नाही." बायकांना हे कसं कळतं, मला ठाऊक नाही.

बाराव्या दिवशी पलीकडच्या इमारतीचा रखवालदार आला. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुख्य दाराला आम्हीच कुलूप बसवलं होतं. चाळीस बिऱ्हाडं. नवा भाडेकरू आला की रखवालदार नवी किल्ली करून न्यायचा. त्यानं मूठभर किल्ल्या माझ्यासमोर ओतल्या.

"ही आत जात नाही. ही जाते पण फिरत नाही. ही फिरते पण बाहेर येत नाही, ती आम्ही पक्कड लावून काढलीय. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई काल सकाळपासून दुपारपर्यंत रस्त्यावर उभ्या होत्या. त्या इथे येणार होत्या, मी म्हटलं मीच जातो."

"का?"

"त्यांचं तोंड वाईट आहे," रखवालदार म्हणाला.

मी किल्ल्या एकापुढे एक मांडल्या. नव्या डोळ्यांनी दादाचं काम मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. कडांना धातूची कुसळं तशीच राहिलेली. तिसरा दात पहिल्या किल्लीत टोकदार, दुसरीत बोथट, पाचवीत जवळपास नाहीच. दर वेळी रखवालदारानं खिशातली किल्ली पुढे केली होती आणि दादानं तिच्यावरूनच पुढची घासली होती. खरं तर आम्ही प्रत्येक कुलपाची मूळ किल्ली लाल धागा बांधून भिंतीवरच्या फळीला खिळ्यावर टांगतो आणि नवी किल्ली तिच्यावरूनच करतो. मी फळीकडे पाहिलं. त्या इमारतीची मूळ किल्ली जागेवर होती आणि तिच्यावर बोटभर धूळ होती.

रखवालदाराला मी उद्या ये म्हणून वाटेला लावलं.

"दादा, त्या इमारतीची लाल धाग्याची काढ बरं."

दादा उठला. फळीवर हात ठेवला, बोटांनी खिळे मोजत गेला, आणि शेजारची, काळ्या धाग्याची, दुरुस्तीला आलेल्या कुलपाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ही काय," तो म्हणाला.

मग मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो व्हाइसपाशी बसला आणि अंगठ्याचं नख आधी एका किल्लीच्या दातांवरून फिरवलं, मग दुसरीच्या. तो बघत नव्हताच. कीस झटकायला त्यानं फुंकर मारली ती व्हाइसच्या भलत्याच बाजूला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा."

त्यानं कानस खाली ठेवली. "झाली दोन-तीन वर्षं."

"अरे, मग बोलला का नाहीस? दहा मिनिटांचं काम आहे ते. माझं झालं की नाही?"

"तुझं झालं ना? मग झालं तर," दादा म्हणाला. "तुझे माझ्यामुळे गेले. माझे गेले, फिटंफाट झाली. आता त्यात कोणी हात घालायचा नाही."

मी पुष्कळ डोकं आपटलं. तो शांत होता. मला वाटतं, बऱ्याच वर्षांत तो इतका समाधानी दिसला नव्हता. दुपारी वहिनी डबा घेऊन आली, तिला बाहेर बोलावून विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "भाऊजी, घरात भिंत धरून चालतात. मागच्या आठवड्यात गरम तव्यावर हात ठेवला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. म्हणतात, हे मी देणं लागतच होतो."

वहिनी गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं. खणातून अहवाल काढले आणि दादाच्या हातात दिले. मग लक्षात आलं की त्याला ते वाचता येणार नाहीत. म्हणून मी वाचून दाखवले. मोठ्यानं, सावकाश, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.

"म्हणजे चेंडूनं नाही," दादा म्हणाला.

"नाही. बाबांकडून आलाय. तुलाही आणि मलाही."

"बाईंनी तसं लेखी दिलंय?"

"लेखी दिलंय."

"तारीख काय त्याच्यावर?"

मी तारीख सांगितली. दादानं बोटांवर दिवस मोजले. मग वेगळंच विचारलं. "चेंडू लागला तो डोळा बरा कधी झाला?"

"आठवड्याभरात."

"मग कारखान्याचं पत्र आलं तेव्हा डोळा बरा होता."

ते पत्र मी आतापर्यंत सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं. दादा चोवीस वर्षांचा असताना दुसऱ्या शहरातल्या कुलपांच्या मोठ्या कारखान्यानं त्याची निवड केली होती. साचे घडवायचं काम, राहायला घर. ते पत्र घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ का?" मी एकवीस वर्षांचा होतो, रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचू शकत होतो. मी नुसता डोळा चोळला. दादानं त्याच दिवशी नकार लिहून पाठवला.

"हो, बरा होता," मी म्हणालो.

"दुखत नव्हता?"

"नाही."

"मग चोळलास का?"

"तू गेला असतास म्हणून."

बाहेरून कोणीतरी शटर वाजवलं. आम्ही दोघंही उठलो नाही, आणि तो माणूस निघून गेला.

"मग मी तुझं एवढं केलं ते कशासाठी?" दादानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती हे आठवावं तसा तो विचारत होता.

"मला वाटलं, मोठा भाऊ म्हणून."

"मोठा भाऊ म्हणून केलं असतं," दादा म्हणाला, "तर याच्या निम्मं केलं असतं." त्यानं डबा उचलला, शटरखालून वाकून बाहेर पडला आणि भर दुपारी घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. मी लाल धाग्याची किल्ली पुसली आणि इमारतीच्या चाळीस किल्ल्या एकट्यानं घासल्या. चार दिवस लागले. पहिल्या सहा मोडीत गेल्या, दोन बोटं कापली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई स्वतःच किल्ली न्यायला आल्या आणि त्यांच्या तोंडाबद्दल रखवालदार खोटं बोलला नव्हता. मी सगळं ऐकून घेतलं. दुकानात दुसरं कोणी बोलायला नव्हतं. मला दादाची आठवण येत होती, आणि ती त्याच्या कामाची आठवण नव्हती, हे मला तेव्हा कळलं. काम मला जमत होतं. तरी दिवस जाता जात नव्हता.

दहाव्या दिवशी वहिनीचा फोन आला. "उद्या सकाळी ऑपरेशन आहे यांचं. तुम्हाला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवतेय."

मी गेलो. दादा बाकावर हिरवा झगा घालून बसला होता, डोक्याला टोपी. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं.

"तू कशाला आलास?"

"असाच."

"दुकान?"

"बंद ठेवलं."

"गिऱ्हाईक येऊन परत जाईल," दादा म्हणाला, आणि त्याला आत बोलावलं.

अर्ध्या-पाऊण तासानं तो एका डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आला. दुसऱ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, म्हणजे त्यातून नुसता धूरच. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. लिफ्ट बंद. जिन्याच्या तोंडाशी दादा थांबला आणि हातानं कठडा शोधू लागला. कठडा पलीकडच्या बाजूला होता. मी खांदा पुढे केला. तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं हात ठेवला.

आजवर त्यानं माझ्यावर कधी भार टाकला नव्हता. कोणाला धरून कसं उतरायचं हे मला येत नव्हतं. मी भराभर उतरायला लागलो, तो अडखळला, मी थांबलो. पहिल्या वळणावर तो म्हणाला, "तो कारखाना बंद पडला असेल ना रे एव्हाना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. पन्नास वर्षांची सवय होती ती. अजूनही तो मलाच सोपं जाईल असं विचारत होता. 'बंद पडला' एवढंच म्हणायचं होतं. त्याला बरं वाटलं असतं, मला तर फारच बरं वाटलं असतं, आणि आम्ही दोघं खाली जाऊन चहा प्यालो असतो.

"चालू आहे," मी म्हणालो. "खूप मोठा झालाय. मागच्या महिन्यात त्यांचाच माल उतरवून घेतला मी."

दादाची माझ्या खांद्यावरची बोटं रुतली. राग आला होता की तोल जात होता, मला कळलं नाही. हात मात्र त्यानं काढला नाही.

"किती पायऱ्या राहिल्या?" त्यानं विचारलं.

"सव्वीस."

"मग मोज," तो म्हणाला. "मला दिसत नाहीये."

मी मोठ्यानं मोजू लागलो.